फाटक्या पानांचा रतजगा

वहिनी, घोडेगावच्या स्टँडवरून फोन आला तेव्हा मी सांगणाऱ्याला म्हणालो, "राँग नंबर आहे." स्क्रीनवर नाव तुमचंच होतं. पलीकडून कोणी चहावाला बोलत होता, "पावणं, ह्या बाई कोन तुमच्या? भीमाशंकरच्या गाडीची वाट बघत बाकड्याव बसल्या व्हत्या. गाडी लागली तरी उठंनात." मी पुन्हा तेच म्हणालो आणि फोन ठेवून समोरच्या मोटरीला तार गुंडाळायला लागलो. मंचरच्या माझ्या त्या रिवायंडिंगच्या दुकानात रोज तेच काम, हात आपोआप चालतात. थोडे वेढे घातले आणि मग तार तशीच टाकून निघालो.

दवाखान्यात म्हणाले, हृदय बंद पडलं. मी त्यांना विचारलं, कुणाचं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दादाशी बोलायला लागले. माझा काही दोष नव्हता. चाळिशी न गाठलेली, सकाळी सहा भाकरी थापून, कांदा काढायला आलेल्या बायकांना काम नेमून देऊन, "दोन दिसांत आले" म्हणून माहेरच्या गाडीला निघालेली बाई बाकड्यावर बसते काय आणि संपते काय. असली गोष्ट एखाद्या लेखकानं लिहिली असती तर तुम्हीच त्याला फैलावर घेतलं असतं. म्हणाला असतात, "ह्याला पुढचं सुचंना, म्हनून मारून टाकली."

त्यानंतर मी रडलो नाही. मला राग येत होता. घरात बायका एकमेकींना सांगत होत्या, "अहेव गेली, भाग्याची." नवऱ्याच्या आधी गेलात म्हणून भाग्याच्या. दादा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता आणि त्या भाग्याकडे बघत होता. माझं डोकं फिरलं. म्हटलं आता तुम्ही आतून बाहेर याल आणि एकेकीला सुनवाल. मी दाराकडे पाहतच राहिलो.

तुम्ही लग्न होऊन राजुरीत आलात तेव्हा मी जुन्नरला कॉलेजात होतो. आठवडा झाला असेल, तुमच्या ट्रंकेतून आईला साडी काढून देताना तुम्ही कागदांचा एक गठ्ठा बाजूला ठेवलात. मला वाटलं, पत्रं असतील. निघाली कॉमिक्सची पानं. सुटी, फाटकी, काही चौकोनी कापलेली. पेढ्याचा आणि बुक्क्याचा वास येत होता त्यांना. तुमच्या वडिलांचं भीमाशंकरच्या पायऱ्यांवर प्रसादाचं दुकान, पुडे बांधायला पुण्याहून रद्दी यायची, आणि त्या रद्दीतल्या हिंदी कॉमिक्सची पानं तुम्ही पुडा बांधायच्या आधी वाचून काढायचात. हिंदी तुम्हाला यात्रेकरूंनी शिकवली होती. आवडलेलं पान मागे ठेवायचात आणि गिऱ्हाइकाला वर्तमानपत्रात पेढे द्यायचात.

त्या गठ्ठ्यात रतजगा होता. मला इतका आनंद झाला की मी नवीन वहिनीशी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. आमच्या घरात, खरं तर आमच्या अख्ख्या आळीत, रतजगा वाचणारा मी एकटाच होतो. आळेफाट्याच्या स्टॉलवर नवा अंक आला की एसटीच्या पासावर जाऊन आणायचा. न झोपणारा हिरो. गिरणीशेजारच्या चाळीला आग लागली त्या रात्री हा गाढ झोपला होता, जाग आली तेव्हा शेजारच्या खाटेवरची धाकटी बहीण नव्हती. तेव्हापासून त्याचा डोळ्याला डोळा लागत नाही. काळी घोंगडी पांघरून तो शहरभर फिरतो. कुणाला मारत नाही. गुन्हेगाराच्या घरासमोर नुसता उभा राहतो, रोज, तोवर, जोवर त्या माणसाचीही झोप उडत नाही आणि तो स्वतः चौकीत जाऊन गुन्हा कबूल करत नाही.

"ह्यात मधली चार पानं नाहीत," मी म्हणालो.

"नसू द्या," तुम्ही म्हणालात. "तितं काय झालं ते मला म्हाईत हाय." आणि सांगितलंत. इतक्या खात्रीनं, की मला ते खरंच वाटलं. पुढे तोच अंक मला जुन्या पुस्तकांत सापडला, पूर्ण. त्या चार पानांत वेगळंच होतं. मी विजयी मुद्रेनं तो तुमच्यापुढे धरला. तुम्ही चुलीपुढे बसून शांतपणे वाचलात आणि परत दिलात. "माझंच बरं व्हतं," म्हणालात. आई म्हणाली, "काय बरं व्हतं?" तर तुम्ही म्हणालात, "कालवण."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते कायमचं. लेखक बदलला की मी आधी पहिल्या पानावरचं बारीक अक्षरातलं नाव बघायचो. तुम्ही नाव न बघता ओळखायचात. दुसरा लेखक आला तो अंक तुम्ही भाकरी करता करता एका हातानं वाचलात आणि म्हणालात, "भावजी, ह्यो दुसरा मानूस हाय. ह्याला बहीन नसंल." बघतो तर नाव नवीन. त्या लेखकानं रतजगाच्या हातात बंदुका दिल्या. जो माणूस नुसता उभा राहायचा तो धडाधड माणसं मारायला लागला, आणि मारताना भाषणं ठोकायला लागला. बहिणीचं नाव नाही, आगीचं नाव नाही. मी पेटलो. दिल्लीच्या पत्त्यावर शाळकरी हिंदीत पत्र लिहिलं की हा रतजगाच नव्हे. तुम्ही त्यातल्या चुका काढल्यात, शिव्या थोड्या कमी केल्यात आणि वर म्हणालात, "पन मला न्हाई पटत. हा बी रतजगाच हाय."

"कसा? याचं सगळंच वेगळं आहे."

"मग माझं काय वेगळं न्हाई झालं? मी ठकू व्हते. तुमच्या दादांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं सुनंदा लिहिलं आन मी सुनंदा झाले. माहेरी पेढं बांधायची, आता कांदं बांधते. मंग मी कोन, राँग अंक का?"

त्या बायकी गोष्टीचा इथे काय संबंध, असं काहीतरी पुटपुटलो असेन. तुम्ही लगेच म्हणालात, "ज्याच्या हातात पेन, त्यो त्याला येतंय तसं लिवनार. बिचाऱ्या रतजगानं काय करायचं? त्यानं मधनंमधनं वाट काढायची." तुम्ही दुसऱ्या लेखकाचे अंकही जपून वाचायचात. बंदुका, रक्त, भाषणं यांतून पहिला रतजगा कुठे दिसतो का ते शोधायचात आणि सापडला की मला हाक मारायचात. एका अंकात तो गोळी झाडायच्या आधी क्षणभर थांबतो. "ह्ये बघा, हितं हाय त्यो," म्हणालात. मी म्हणालो, ते चित्रकारानं जागा भरायला काढलंय. आपण दोन दिवस बोललो नव्हतो त्यावरून. दादाला वाटलं, वाटणीवरून काही बिनसलं.

मग तिसरा लेखक आला. त्यानं तर कहर केला. रतजगाला बायको दिली, सोबतीला एक विनोदी माकड दिलं, आणि शेवटच्या अंकात त्याला झोपवला. खरंच, शेवटच्या पानावर तो उशीवर डोकं ठेवून घोरतोय आणि माकड दिवा मालवतंय. मग मालिका बंद पडली. घरोघरी केबल आली होती, आळेफाट्याच्या स्टॉलवर कॉमिक्सच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकायला लागली. मी सगळे अंक ट्रंकेत भरून माळ्यावर टाकले आणि तुम्हाला म्हणालो, रतजगा पहिल्या लेखकाबरोबरच संपला होता, आज नुसता अंत्यविधी झाला.

"संपल कसा?" तुम्ही म्हणालात. "मानूस झोपला म्हंजी मेला का?"

पुढे मी मंचरला दुकान टाकलं, लग्न झालं, सणावारी राजुरीला येणं व्हायचं. दिवाळीला करंज्या तळता तळता तुम्ही टोमणा मारायचात, "काय म्हनतोय पयला लेखक?" मीही काहीतरी ठेवून द्यायचो. मला वाटत होतं, रतजगा आता आपल्या दोघांपुरता उरलाय. जगात कुणाला ठाऊक नसलेली एक वहिनी मला ठाऊक आहे, याचा मला केवढा अभिमान होता ते तुम्हाला कधी बोललो नाही. आता बोलतो.

दहाव्याला ओढ्याकाठच्या घाटावर मांडव होता, लाउडस्पीकर होता. आपल्याकडे दहाव्याला भाषणं होतातच, त्याचं नवल नाही. पण तुमच्यावर झालेली भाषणं ऐकताना मला पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. आधी महाराजांचं प्रवचन. "ही माउली कशी होती? हिच्या मुखातून आयुष्यात उलट शब्द निघाला नाही." वहिनी, मी शेजारी बघितलं, कुणी हसतंय का. कुणीही हसत नव्हतं. मग दूध सोसायटीचे चेअरमन उठले. त्यांनी तुम्हाला कष्टाळू केलं, आदर्श शेतकरी कुटुंबाचा कणा केलं, आणि दोन वाक्यांत सोसायटीच्या निवडणुकीवर गेले. मग पंचायत समितीच्या ताई. त्यांनी तुम्हाला बचत गटाची रणरागिणी करून टाकलं. बचत गटाच्या पहिल्या मीटिंगला तुम्ही गेलात आणि परत गेला नाहीत, चहा पांचट असतो म्हणून. कुणी तुम्हाला माकड दिलं नाही एवढंच.

आणि प्रत्येक जण सुनंदाताई, सुनंदाताई. तुमची आई बायकांत बसली होती, तुमच्या भावानं जीपमधून आणलं होतं तिला. ऐकायला कमी येतं तिला, पण लाउडस्पीकर मोठा होता. तिनं शेजारणीला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ही कोनाचं सांगतीय? माझ्या ठकीचं कवा सांगनार?"

ताई माईकवर बोलतच राहिल्या. मला उठावंसं वाटलं. दादाच्या कानात म्हणालो, मी बोलतो. दादा म्हणाला, "काय बोलनार?" खरंच, दहाव्याच्या मांडवात न झोपणाऱ्या घोंगडीवाल्याचं काय बोलणार? पिंडाला कावळा शिवला, मंडळी उठली, आणि तुमचं ते लिहिलेलं आयुष्य तसंच लाउडस्पीकरबरोबर टेम्पोत चढून गेलं. खरी वहिनी फक्त माझ्याकडे राहिली, असं मला त्या वेळी वाटलं.

तेरावं उरकलं. कांदा वावरात तसाच पडून होता, पातीखाली झाकलेला, काटणी अर्धवट. दादाच्यानं उठवत नव्हतं, म्हणून मी बायकांना निरोप दिला आणि सकाळी वावरात गेलो. हौसाबाई आणि पारूबाई, तुमच्या नेहमीच्या, आणि त्यांच्याबरोबरच्या आणखी चार-पाच जणी ओळीनं बसल्या होत्या. विळे चालले होते, पण आवाज नव्हता. मला बघून हौसाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी वाचत व्हता ना ती पुस्तकं?"

"कुठली?"

"रतजगाची."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या शब्दाचा त्या वावरात काय संबंध? हौसाबाईंना तर लिहितावाचता येत नाही. "तुम्हाला कशी ठाऊक?" मी विचारलं.

"ठाव कशी न्हाई," पारूबाई म्हणाल्या. "सुनंदावैनी सांगायच्या की. काटनीला, लागनीला. लई वरसं झाली. कालचं कुठवर आलं व्हतं त्ये आमीच त्यास्नी आठवान करून द्यायचो."

म्हणजे मालिका बंद पडल्यावर, मी ट्रंक माळ्यावर टाकल्यावर, तुम्ही रतजगा चालूच ठेवला होता. माझ्याच घराच्या वावरात. मी पातीच्या ढिगावरच बसलो. विचारलं, माकडाचं काय झालं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. माकड? बंदुका? तसलं काही नाही. मग मी जपून विचारलं, तो झोपला होता ना आग लागली तेव्हा?

"त्यो झोपला व्हता," हौसाबाई म्हणाल्या. "तिचा भाऊ. पन ती जागी व्हती ना. बहीन. खिडकीतनं उडी टाकून गेली. जो झोपला त्यो कसला रतजगा? जी जागी व्हती तीच रतजगा."

माझ्या ओठांवर आलंच होतं की पुस्तकात तसं नाही. कसंबसं गिळलं. इतकी वर्षं मी आणि दिल्लीचे तीन लेखक एका झोपलेल्या माणसाच्या मागे फिरत होतो. तुमची रतजगा मुलगी होती. घोंगडी पांघरून ती गावोगाव फिरायची, राजुरीलाही येऊन गेली होती म्हणे, आपल्या ओढ्यावर पाणी प्यायली होती. भाऊ तिला शहरभर शोधतोय, ती त्याच्या मागेच उभी असते आणि त्याला दिसत नाही.

"मला कधी बोलल्या नाहीत," मी म्हणालो. पारूबाई हळू बोलल्या.

"आमी इचारलं व्हतं. म्हनल्या, भावजींना सांगितलं तर म्हनत्याल पुस्तकात न्हाई. आन त्यांचं पुस्तक मला बी मोडायचं न्हाई."

वहिनी, तेव्हा मला रडू आलं. फोन आल्यापासून पहिल्यांदा. बायकांनी विळे थांबवले नाहीत, बरं केलं. घाटावर मी त्या तिघांवर दात खात होतो की त्यांनी तुम्हाला त्यांच्या मापाचं करून घेतलं, आणि माझ्याकडे तरी अख्ख्या तुम्ही कुठे होता? मधली कितीतरी पानं या बायकांकडे होती.

मला शांत होऊ दिल्यावर हौसाबाईंनी मुद्द्याचं काढलं. गोष्ट अर्धी राहिली होती. भाऊ दमून एका स्टँडवर बसलाय, ती त्याच्या मागे येऊन उभी आहे. आता ती बोलणार की तशीच निघून जाणार? "माहेराहून आल्याव सांगते" म्हणून तुम्ही गेलात. आणि त्यावरून त्यांच्यात दोन तट पडले होते. हौसाबाईंच्या बाजूला वाटत होतं, बोलणार. पारूबाईंच्या बाजूचं म्हणणं, मुळात त्या रात्री पोरगी जागीच होती कशावरून, जागी असती तर भावाला उठवलं नसतं का? "वैनी म्हनल्या व्हत्या, पयल्या पुस्तकात चित्र हाय, भावजीकडं. मला यकदा बघायचंय," पारूबाई म्हणाल्या.

मी घरी गेलो, माळ्यावर चढलो, ट्रंक उघडली. पहिला अंक वर येईपर्यंत सगळे अंक पसरले. तिसऱ्या पानावर ते चित्र आहे. हजारदा पाहिलेलं. दोन खाटा, एकीवर भाऊ, खिडकीपाशी दुसरी, तिच्यावर बहीण. वर चौकटीत एवढंच लिहिलंय की सगळी चाळ झोपली होती. मी मुलीचा चेहरा पहिल्यांदा नीट बघितला. छपाई स्वस्तातली, लाल रंग रेषेबाहेर सरकलेला. डोळ्याच्या जागी काळा ठिपका. तो उघडा डोळा आहे की मिटलेली पापणी, उजेडात धरून बघितलं, तिरकं धरून बघितलं, कळत नाही. ज्या पहिल्या लेखकाच्या नावावर मी जन्मभर भांडलो, त्यानं हे सांगितलेलंच नाही.

तसाच अंक घेऊन वावरात परत गेलो. कांद्याच्या टरफलांनी भरलेले हात पदराला पुसून बायका त्या पानावर वाकल्या. हौसाबाई म्हणाल्या, जागी. पारूबाई म्हणाल्या, झोपल्याली. बाकीच्यांत जुंपली. शेवटी हौसाबाईंनी अंक माझ्या हातात दिला. "तुमी शिकल्यालं. काय असंल त्ये खरं सांगा."

मी पुन्हा एकदा त्या ठिपक्याकडे बघितलं. मग म्हणालो, "जागी आहे."

पारूबाईंनी मान हलवली, पटलं नव्हतं, पण वाद घातला नाही. त्यांनी एक बारदान झटकून माझ्यासाठी पसरलं आणि विळा पुन्हा हातात घेतला. "मंग बसा. बोलली का ती भावाला?"

"बोलली," मी म्हणालो. "आधी तर तिनं त्याला चांगला झापला."

बायका हसल्या, आणि काटणी सुरू झाली, आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. वहिनी, कशावरून झापला ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला लगेच सुचलं असतं.